पाठ फिरवायची नाही

वाहिनीवर संध्याकाळच्या बातम्या संपल्या की हवामान सांगायला जी बाई उभी राहायची, तिला सगळे ढगूताई म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं आणि तिनंही ते कधी मनावर घेतलं नव्हतं. अंगानं ती भरलेली होती आणि आवाजानं त्याहून. पन्नाशी जवळ आलेली. या कामाला लागली तेव्हा कडेवर असलेली लेक आता कॉलेजात जात होती, म्हणजे एवढी वर्षं तिनं त्या नकाशासमोर काढली होती.

खरं म्हणजे तिथं नकाशा नसतोच. असते ती एक कोरी हिरवीगार भिंत. नकाशा दिसतो तो बघणाऱ्यांना, घरी. उभ्या राहिलेल्या माणसाला तो फक्त बाजूच्या छोट्या पडद्यावर दिसतो, आणि नवखी माणसं त्या पडद्याकडे डोळे लावून हात हलवताना बंदर दाखवायला जातात आणि भर समुद्रात बोट बुडवतात. ढगूताईला पडदा लागत नसे. कुठलं गाव भिंतीवर कुठं आहे हे तिच्या हाताला पाठ होतं. तिची एक पद्धत होती. सुरुवातीला ती डावीकडे उभी राही आणि उजवीकडचा समुद्र, बंदर, मधली सपाटी उरकून घेई. मग उजव्या कडेचा तापमानाचा तक्ता पुसला गेला की कॅमेऱ्याकडे सरळ पाठ करून, आपल्याच अंगणातून चालावं तशी नकाशावरून चालत पलीकडे जाई. जाता जाता डोंगरांकडे वळून घाटरस्ता, त्याची वळणं, वरची गावं बोटानं दाखवी. कॅमेऱ्याला पाठ दाखवू नये असं या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. ढगूताईचं म्हणणं असं, की ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांच्याकडे तोंड करावं, आणि बाकीच्यांनी थोडा वेळ कळ काढावी.

कपडे ती चौकातल्या तीन मजली दुकानातून घ्यायची. फुलाफुलांचे शर्ट, ठिपक्यांचे शर्ट, हिरवा सोडून कुठलाही रंग, कारण हिरवा घातला की त्याच्यावरही नकाशा चढतो आणि बाईच्या पोटावरून ढग जायला लागतात. त्या दुकानाचं कौतुक करावं असं फारसं काही नव्हतं. दोन धुण्यांत कॉलर मान टाकी आणि बटणं तर घरी पोचेपर्यंत हातात येत. पण तिच्या मापाचा शर्ट तिथं इतरांच्या शर्टांशेजारी त्याच दांडीवर टांगलेला असे. कुणाला हाक मारून, आवाज खाली आणून मागावा लागत नसे.

मग वाहिनीला नवे साहेब आले. नवे साहेब म्हणजे उत्साहाचा नुसता धबधबा. आल्या आल्या त्यांनी खुर्च्या बदलल्या, दिवे बदलले, बातम्यांआधीचं संगीत बदललं, आणि बदलायला आणखी काय उरलंय म्हणून पाहिलं तर माणसांचे कपडे दिसले. एका नावाजलेल्या डिझायनरशी त्यांनी करार केला. पडद्यावर येणारा प्रत्येक जण यापुढे त्याचेच कपडे घालणार आणि कार्यक्रमाच्या शेवटी त्याचं नाव झळकणार.

ही बातमी ऐकून ढगूताई खूश झाली होती, हे आधी सांगून टाकलेलं बरं. उगाच तिला साधेपणाची मूर्ती करायचं कारण नाही. चांगलं कापड तिला आवडायचं, आणि आयुष्यात कधी अंगाला लागलं नव्हतं म्हणून जास्तच आवडायचं. पहिला ड्रेस आला तो गडद जांभळा, वजनदार, आतून रेशमी. कपडेपटातल्या काकूंच्या खोलीत ती तो नुसता हातावर घेऊन उभी राहिली. शिवण कुठं सुरू होते आणि कुठं संपते ते शोधून सापडत नव्हतं.

घालायला घेतला आणि तो खांद्यांपाशीच अडला.

काकूंनी बरीच वर्षं नाटकवाल्यांचे कपडे सांभाळले होते, त्यामुळे कुठल्याही अंगाला त्या घाबरत नसत. त्यांनी मान वाकडी करून एकदा पाहिलं, कात्री घेतली आणि ड्रेसची पाठ मानेपासून खालपर्यंत उसवली. मग पुढून तो तिच्या अंगावर चढवला, आणि मागं जी भलीमोठी फट राहिली तिच्या दोन्ही कडा चिकटपट्टी आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांसारख्या लोखंडी चिमट्यांनी आवळून धरल्या. फटीतून दिसू नये म्हणून आत तिचा स्वतःचाच एक जुना गंजीफ्रॉक. पुढून पाहिलं तर राणी, मागून पाहिलं तर दुरुस्तीला टाकलेली गादी. आरशात पुढूनच बघायचं असतं, आणि पुढून ती खरोखर सुंदर दिसत होती. हे तिचं तिलाही कबूल होतं.

काकूंनी एकच गोष्ट बजावली. “पाठ फिरवायची नाही. एवढं सांभाळ.”

नमुन्याचा कपडा एकाच मापाचा येतो, अशी त्या धंद्याची रीत. ज्याला होईल त्याला होईल. ढगूताईनं साहेबांच्या खोलीत जाऊन विचारलं, की माझ्या मापाचा एखादा शिवून नाही का मिळणार. साहेब हसले. माणूस वाईट नव्हता, हसून बोलायचा, पण त्या हसण्यात मऊपणा कमी आणि तेल जास्त. त्या मापात ते लोक शिवतच नाहीत, असं त्यांनी सांगितलं. त्या मापाचं त्यांच्याकडे कोण घेतं? आणि कपडा बसत नसेल तर दोन उपाय असतात, कपडा बदलायचा किंवा माणूस. सिनेमाच्या बातम्या देणारी मुलगी त्या मापाची आहे, हेही त्यांनी सहज, टेबलावरचा कागद सरळ करता करता सांगितलं.

ढगूताई मूग गिळून बाहेर आली. त्या नकाशासमोरची जागा गेली तर या वयात दुसरीकडे कुणी उभं करणार नव्हतं. आणि जागेपेक्षाही, ते काम तिला फार आवडायचं. उद्या काय होणार आहे हे लोकांना आज सांगायचं आणि ते त्यांनी ऐकायचं, यासारखं सुख तिला दुसऱ्या कशात मिळालं नव्हतं.

तेव्हापासून ती जागेवर उभी राहू लागली. डावीकडे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, खिळा ठोकल्यासारखी. एकदा तिनं तोंड कॅमेऱ्याकडे ठेवून खेकड्यासारखं आडवं सरकून पाहिलं, पण ड्रेस गुडघ्यांपाशी आवळलेला होता, आणि मागचा एक चिमटा टणकन उडून दिव्याच्या खांबावर आपटला. साहेबांनी निरोप पाठवला, जागेवरून हलायचं नाही.

घरी दोन तट पडले. लेक खूश होती. मैत्रिणींनी आईचे फोटो एकमेकींना पाठवले होते आणि आयुष्यात पहिल्यांदा तिची आई कॉलेजात चर्चेचा विषय झाली होती, तीही टिंगलीचा नव्हे. नवरा चष्म्यांच्या दुकानात काम करायचा, दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावायचा. तो एवढंच म्हणाला, की तू छान दिसतेस, पण तुझा दात दुखतोय असं वाटतं. ढगूताईनं त्याला नेहमीप्रमाणे झाडलं. लेकीचा आनंद मोडणं तिच्या जिवावर आलं होतं, त्याचाही राग तिनं त्याच्यावरच काढला.

आणि मग मामेबहिणीचा फोन आला. ही बहीण वर डोंगरात राहायची आणि घाटातून शाळेची बस चालवायची. बोलणं असं, की समोरच्यानं फोन कानापासून चार बोटं लांब धरावा. इकडच्या तिकडच्या गोष्टी नाहीत, ख्यालीखुशाली नाही.

“आम्ही काय पाप केलंय गं?” ती म्हणाली. “रोज संध्याकाळी आमच्यावर उभी असतेस.”

ढगूताईला कळेना.

“अगं, नकाशावर. सगळे डोंगर तुझ्या त्या जांभळ्या झग्याखाली. घाट तुझ्या कंबरेत गेलाय, आमचं गाव बगलेत. वारा कुठून येतोय, धुकं कुठवर उतरलंय, काही दिसत नाही. तोंडानं तू ‘डोंगराळ भागात ढगाळ’ एवढं म्हणतेस आणि मोकळी होतेस. ढगाळ म्हणजे कुठं? माझ्या बसमध्ये लोकांची पोरं असतात. घाटाच्या अलीकडे की पलीकडे, हे मला पाहिजे असतं. आधी तू बोटानं दाखवायचीस.”

तिच्यासारखे आणखीही फोन आले होते, हे ढगूताईला वाहिनीत चौकशी केल्यावर कळलं. कुणी तिला सांगितलं नव्हतं. ती पुन्हा साहेबांकडे गेली. नकाशा जरा उजवीकडे सरकवा म्हणाली, तर नवं चित्र तसं सरकत नाही असं उत्तर मिळालं. मग मला चालू द्या, पाठीवर शाल पांघरते. तर शाल करारात नाही. शेवटी साहेब कंटाळून म्हणाले, की डोंगरात बघणारे असे कितीसे आहेत. तिकडे कोण बघतं?

त्या माणसाच्या तोंडी हे दुसऱ्यांदा येत होतं, फक्त पहिल्यांदा ते तिच्या मापाबद्दल होतं. ढगूताईच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या मापाचं कोण घेतं, तिकडे कोण बघतं! म्हणजे काही माणसं मोजायचीच नाहीत, असं आधी कुठं तरी ठरून गेलेलं असतं, आणि मग त्यांच्या अंगावर एखादा सुंदर ड्रेस उभा केला की झालं. तिला सगळ्यात जास्त राग याचा आला, की तो ड्रेस तीच होती. आपल्या मामेबहिणीच्या गावावर ती स्वतःच्या पायांनी उभी होती.

तरी ती त्या दिवशी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाई फटकळ म्हणून प्रसिद्ध होती, पण घरात चालू असलेली चूल माणसाला फार शहाणं करते.

पुढच्या आठवड्यात हवा फिरली. दुपारी वेधशाळेकडून कळलं की रात्रीतून वारा पडेल आणि पहाटे घाटावर दाट धुकं उतरेल. पण सगळीकडे नाही. खालची वळणं मोकळी राहतील आणि वरच्या देवराईपासून खिंडीपर्यंत हातभर पुढचं दिसणार नाही. म्हणजे खालून निघणाऱ्याला सगळं ठीक वाटणार आणि मध्येच तो दुधात शिरणार. हे ‘डोंगराळ भागात धुक्याची शक्यता’ असं म्हणून सांगता येत नाही. ते दाखवावं लागतं.

त्या संध्याकाळी ड्रेस मोतिया रंगाचा होता. काकूंनी नेहमीप्रमाणे मागून आवळला. ढगूताई डावीकडे उभी राहिली, समुद्र सांगितला, बंदर सांगितलं, सपाटीवरची थंडी सांगितली. तापमानाचा तक्ता पुसला गेला.

मग तिनं दोन्ही हातांनी गुडघ्यांपाशी ड्रेस धरला, वर ओढला आणि पाठ फिरवली.

घराघरांत लोकांनी पाहिलं ते असं: पुढून मोत्यासारखी असलेली बाई मागून उघडी. उसवलेल्या कडा, काळी चिकटपट्टी, लोखंडी चिमट्यांची वाकडीतिकडी रांग, आणि त्यांच्या मधून धुवून धुवून पिवळा पडलेला गंजीफ्रॉक. ती घाई न करता चालली. एक चिमटा वाटेत पडला, तो आवाजही सगळ्यांना ऐकू गेला. भिंतीसमोर उभं राहून तिनं हात वर केला आणि एकेक वळण दाखवलं. इथपर्यंत मोकळं. इथून धुकं. या खिंडीपर्यंत. पहाटे निघणाऱ्यांनी फसू नका, खाली स्वच्छ दिसेल. उन्हं वर येईपर्यंत थांबा. शाळेच्या बस थांबल्या तरी चालतील, मास्तरांना मी सांगते. एवढं सांगून ती वळली आणि नेहमीसारखा नमस्कार केला.

घरी गेली तर लेक दार लावून बसलेली. सगळ्यांच्या फोनवर तुझी पाठ फिरतेय, ती आतून म्हणाली, चिमटे मोजतायत लोक. तिचा आवाज रडवेला होता. ढगूताईला आयुष्यात एवढं वाईट क्वचित वाटलं असेल, आणि तरी तोंडातून माफीचा शब्द निघेना. ती दाराबाहेर नुसती बसून राहिली. नवऱ्यानं दोघींना जेवायला हाक मारली, ती कुणी ऐकली नाही. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला.

“आई, रोज तसंच असायचं? मागून?”

“रोज.”

“दुखायचं?”

“चिमटे बोचायचे,” ढगूताई म्हणाली, आणि लेकीनं दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, बातम्या सुरू झाल्यावर, तिला बोलावणं आलं, ते साहेबांच्या खोलीत नव्हे तर कपडेपटात. डिझायनर स्वतः आला होता. तरुण, सडपातळ, आवाज असा की आजारी माणसाच्या उशाशी बोलावं. साहेबांच्या चेहऱ्यावरचं तेल आज आटलं होतं. माझ्या कामाची भर चौकात विटंबना झाली, असं डिझायनर कुणाकडेही न बघता म्हणाला, आणि हे खरंच होतं, तो दुखावला होता. काकू कोपऱ्यात इस्त्री करत होत्या, म्हणजे त्याच बाहीवरून पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवत होत्या.

साहेबांनी तोडगा काढून ठेवला होता. ढगूताईनं आज पडद्यावर माफी मागायची, नवा ड्रेस घालायचा आणि जागेवर उभं राहायचं. जमत नसेल तर सिनेमावाली मुलगी रंगवून तयार बसली आहे. डिझायनर मोठ्या मनानं म्हणाला, की तोही एक पाऊल पुढं येईल. तिच्यासाठी काहीतरी करता येईल. काळं, सैलसर, लांब. शरीर झाकून टाकणारं.

ढगूताई चौकातल्या दुकानातला केशरी शर्ट घालून आली होती. त्याचं एक बटण वेगळ्या रंगाचं होतं. तिनं दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत आडवे पसरले.

“माप घ्या,” ती म्हणाली.

डिझायनरला समजलं नाही.

“अंदाजानं झाकू नका. मी समोर उभी आहे. माप घ्या.”

त्यानं खिसे चाचपले. त्याच्याजवळ टेप नव्हती, असायचं कारणही नव्हतं, कितीतरी वर्षांत त्यानं कुणाच्या अंगाला टेप लावली नसेल. काकूंनी इस्त्री उभी केली, आपल्या गळ्यातली टेप काढली आणि त्याच्या हातात दिली. त्यानं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. मग तो पुढं झाला आणि त्यानं खांदे मोजले, दंड मोजले. छातीशी आला तेव्हा त्याची बोटं सावकाश झाली. पूर्वी, शिकत असताना, तो चांगलं माप घेत असावा, ते त्या बोटांवरून कळत होतं. कंबर मोजून तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला.

“मोठ्यानं,” ढगूताई म्हणाली. “माझंच आहे. मला माहीत आहे.”

त्यानं आकडा मोठ्यानं सांगितला. खोलीत कुणी हसलं नाही.

ढगूताईनं हात खाली घेतले. आकडा विसरू नका, तिनं त्याला सांगितलं, आणि या आकड्याच्या बायका तुमच्या दुकानाच्या काचेसमोरून रोज जातात, त्यांच्यासाठीही शिवा. तुमचं कापड फार सुंदर आहे, मला मनापासून आवडलं. माझ्या मापाचा ड्रेस तयार झाला की पाठवा. त्यात मला चालता आलं आणि वळता आलं, तर घालीन. तोवर मी माझे शर्ट घालणार.

“आणि मी त्या मुलीला उभं केलं तर?” साहेब म्हणाले.

“करा. चांगली पोर आहे. पण डोंगरांकडे तिला वळावंच लागेल, साहेब. तिला मी आज सकाळीच शिकवून ठेवलंय.”

बातम्या संपत आल्या होत्या. ढगूताई निघाली. बोळात सिनेमावाली मुलगी आजच्या नव्या ड्रेसमध्ये उभी होती. मापाची म्हणून तिचं एवढं नाव, पण तिच्याही पाठीला चिमटे होते. तिला तो मोठा होत होता, जास्तीचं कापड मागं गोळा करून आवळलेलं. तिनं ढगूताईला पाहिलं, मग केशरी शर्टाकडे पाहिलं, आणि वाट सोडून भिंतीला टेकून उभी राहिली.

दिव्यांखाली उभं राहून सगळ्यांना इशारे देणाऱ्या माणसानं काचेआडच्या साहेबांकडे पाहिलं, हिला उभं करू की नको. साहेब एव्हाना काचेमागं येऊन पोचले होते. त्यांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. कमरेवर हात ठेवून ते बघत राहिले. ढगूताई हिरव्या भिंतीसमोर आली, पण डावीकडे गेली नाही. समुद्र, बंदर, सपाटी यांना आज तिनं मागं ठेवलं. कॅमेऱ्यावरचा दिवा लागला, तेव्हा ती अख्ख्या शहराकडे आपली रुंद केशरी पाठ करून उभी होती, हात घाटावर होता, आणि तिला कसलीही घाई नव्हती.